तिन्ही शिफ्टचे सभापती

आमच्या गल्लीत सगळे त्यांना सभापती म्हणत. ते कशाचेही सभापती नव्हते. कारखान्याच्या टाइम ऑफिसात ते हजेरी मांडणारे कारकून होते, आणि गल्लीच्या समितीवर त्यांना कुणी कधी निवडून दिलं नाही. एकदा नाव निघालं होतं. तेव्हा त्यांनी स्वतःच उठून सांगितलं, "शिकवनाऱ्यानं परीक्षेले बसू नये जी," आणि ते खाली बसले. लोकांना बरंच वाटलं.

शिकवत मात्र ते खरंच होते. गल्लीचा सेक्रेटरी कसा असावा, हा त्यांचा विषय.

भिलाईत तेव्हा कारखाना एकीकडून चालू होत होता आणि दुसरीकडून बांधला जात होता. क्वार्टर्सचंही तसंच. नवी ओळ उभी राहिली की भिंतीचा चुना वाळायच्या आत माणसं राहायला येत. माझ्या एका भिंतीला बंगाली ड्राफ्ट्समन, दुसऱ्या भिंतीला केरळचा वेल्डर, समोर आंध्रचा क्रेनवाला आणि मधूनमधून आमच्यासारखे भंडारा-नागपूरकडचे. क्वार्टर सगळे हुबेहूब सारखे. रात्रपाळीहून आलेला माणूस दुसऱ्याच्याच घरात शिरून चपला काढून बसल्याचं मी पाहिलं आहे. त्या घरच्या बाईनं त्याला आधी चहा दिला आणि मग विचारलं, "आप कौन?"

अशा गल्लीत भांडण कोणत्या भाषेत करायचं हेही ठरलेलं नव्हतं. म्हणून प्रत्येक गल्लीनं समिती करावी, सेक्रेटरी निवडावा, अशी पद्धत पडली. सेक्रेटरीनं करायचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. निवडून आलेला माणूस काही दिवस इस्त्रीचा शर्ट घालून गल्लीत फिरे, आणि पहिली तक्रार आली की मागच्या दारानं ड्यूटीला जाई.

आमच्या गल्लीचा सेक्रेटरी मी होतो. मी निवडून आलो असं म्हणणं बरोबर नाही. बाकीचे नाही म्हणाले आणि मला तेवढा वेळ मिळाला नाही. माझा स्वभाव तेव्हाही असा होता की शेजारच्या घरी दूध उतू गेलं तरी मला वाटे, माझंच काहीतरी चुकलं असणार. अशा माणसानं तक्रारी ऐकण्याचं काम घेऊ नये. पण घेतलं.

सभापतींचा वर्ग दर रविवारी सिविक सेंटरमध्ये भरे. सिविक सेंटर तेव्हा अर्धंच बांधून झालं होतं. एका होऊ घातलेल्या दुकानाचा नुसता ओटा तयार होता, त्यावर आसपासच्या गल्ल्यांचे सेक्रेटरी ओळीनं बसत. सभापती कोट घालून येत. भिलाईच्या मे महिन्यातही कोट. त्यांना हे काम कुणी सांगितलं नव्हतं. एकदा मी विचारलंही, "काका, तुम्हाला हा वर्ग घ्यायला कोणी सांगितलं?" ते म्हणाले, "कोनी नाही सांगितलं म्हनून तर घेऊन राहिलो. सांगितलं असतं तर ड्यूटी झाली असती."

त्यांचे नियम साधे होते. नळापाशी सभा घेऊ नये, कारण पाणी आलं की सभा जाते. 'होऊन जाईल' म्हणू नये, कोण करणार ते सांगावं. तक्रार घेऊन आलेल्याला खुर्ची द्यावी आणि सेक्रेटरीनं पाटावर बसावं. "पाटावरच्या मानसावर जास्त येळ वरडता येत नाही," ते म्हणत. "मान दुखते."

हे सगळं ते करून घेत. स्वतः खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घ्यायचे आणि तक्रार करणारी बाई व्हायचे. शेजारच्या गल्लीचा सेक्रेटरी एक सरदारजी फोरमन होता. पहिल्या दिवशी तो पाटावर आणि सभापती त्याच्यासमोर विटांच्या खुर्चीवर.

"भाईसाब," सभापती बारीक आवाजात म्हणाले, "आपका मुर्गा हमारा सारा मुरमुरा खा गया."

"मेरे पास मुर्गा नहीं है जी."

"आधी ऐकाचं," सभापती टॉवेल काढून म्हणाले. "मुर्गा नसल्याचं मंग सांगाचं."

टॉवेल पुन्हा डोक्यावर. "आपका मुर्गा रोज आता है."

"ओए, पर मुर्गा है ही नहीं!"

"नापास," सभापती म्हणाले. "अर्ध्या तक्रारी मुर्गा नसलेल्याच येतात. त्याबी ऐका लागतात."

पुढे काही दिवसांनी सरदारजीनं खरोखरच एक कोंबडा आणून पाळला. म्हणाला, "सुनना तो पड़ता ही है."

पण सभापतींचा मुख्य नियम तीन बैठकांचा. पुढे त्या चार झाल्या, ते शेवटी सांगतो. टाइम ऑफिसात असल्यामुळे ते माणसं नावानं नव्हे तर शिफ्टनं ओळखत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की म्हणत, "या आठवड्यात तुम्ही झोपलेले पाहिजे होते." त्यांचं म्हणणं असं, की भिलाईत कधीही सभा बोलवा, गल्लीचा एक हिस्सा कामावर असतो, एक झोपलेला असतो आणि जो उरतो तोच हात वर करतो. तो गल्लीचा निर्णय नसतो. तो एका शिफ्टचा निर्णय असतो. म्हणून कुठलीही मोठी गोष्ट ठरवायची तर प्रत्येक शिफ्टची बैठक वेगळी घ्यायची.

सरदारजीनं शंका काढली होती. "दो में हो जाएगा जी. शामको फर्स्ट शिफ्टवाला भी घर, नाइटवाला भी घर."

"रात्रपाळीचा मानूस संध्याकाळी उठलेला असते," सभापती म्हणाले, "जागा नसते."

ओट्यावरचे दोघेजण त्या आठवड्यात रात्रपाळीलाच होते आणि ते बसल्याजागी पेंगत होते.

मत हात वर करून घ्यायचं नाही. ओळखीचा हात आपल्याविरुद्ध वर गेलेला दिसला की शेजार मोडतो. त्याऐवजी तोंडाला फडकं बांधलेलं एक मडकं. ज्याला हो म्हणायचं त्यानं त्यात गिट्टीचा खडा टाकायचा, नाही म्हणायचं तर कोळशाचा तुकडा. दोन्ही भिलाईत पायाखाली मिळत. गिट्टी टणकन वाजते आणि कोळसा बद्द, म्हणून मडक्याच्या तळाशी रेती घालायची. तिसरी बैठक होईपर्यंत मडकं मांडलेलंच ठेवायचं, पण प्रत्येक बैठकीनंतर फडकं सोडून लोकांना दाखवायचं. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यानं आणि सेक्रेटरीनं मडक्यात हात घालायचा नाही. आणि शेवटी मडक्यातला कोळसा ज्याच्याविरुद्ध ठरलं त्याच्या घरी नेऊन द्यायचा.

"तो कशाला?" मी विचारलं होतं.

"तो मानूस हरला. निदान त्याची शेगडी तरी पेटली पाहिजे."

कोळसा घेऊन दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीनं स्वतः जायचं. नुसतं जायचं नाही, चहा मागून घ्यायचा. कप अर्धा टाकायचा नाही. आणि कप रिकामा होईपर्यंत निर्णयाबद्दल एक शब्द बोलायचा नाही. सभापती म्हणत, सेक्रेटरीची खरी परीक्षा सभेत होत नाही, ती या चहाला होते.

त्यांच्या स्वतःच्या घरचा चहा गल्लीत प्रसिद्ध होता. काकू, म्हणजे त्यांची बायको, चहात पाण्याचा थेंब घालत नसत. नुसतं दूध. "पान्याचा चहा आमच्याकडं कोनी पेत नाही जी," त्या सांगत. दूध घरच्या गाईचं. गाईचं नाव कवडी.

काकू भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातल्या. मूलबाळ नव्हतं. हिंदी त्यांना समजे, पण जिभेवर येत नसे. त्यांच्या दोन्ही बाजूंना आणि समोर मराठी कुणी नव्हतं. सभापती दिवसभर टाइम ऑफिसात, आणि घरी आल्यावर गल्लीच्या कल्याणाच्या विचारात. कवडी ही काकूंच्या माहेरच्या गाईची कालवड. विटा पोचवून रिकाम्या परतणाऱ्या एका ट्रकमध्ये घालून ती भिलाईला आणली होती. मागच्या अंगणात टिनाचं छप्पर काढून तिला ठेवलं होतं. दुपारी गल्ली झोपलेली असे तेव्हा काकूंचा आवाज ऐकू येई: "कावून वं, आज कोंडा नाही खाल्ला? मले सांग न. काय झालं?" मग बराच वेळ शांतता. मग, "हाव, मलेबी तसंच वाटून राहिलं."

मी तेव्हा एकटा राहत होतो. काकू मला रोज सकाळी गडूभर दूध पाठवत. हे सांगणं मला भाग आहे.

त्या काळी गल्लीत जनावर ठेवण्याबद्दल काही नियम असेलही, पण तो कुणी वाचला नव्हता. कवडीनं क्रेनवाल्याच्या बायकोचे वाळत घातलेले पापड खाल्ले, बंगालीबाबूची लुंगी अर्धी खाल्ली, तरी भांडणं पाटावर मिटली. मी सभापतींना सांगितलं, गाय बांधून ठेवा. ते बांधत. दुपारी काकू सोडत. एकदा मी काकूंनाच विनंती केली. त्या म्हणाल्या, "बांधलेल्या जनावराशी बोलता येत नाही जी. ते नुसतं ऐकून घेते."

मग एका दुपारी कवडी गल्लीतून जात असताना केरळच्या वेल्डरचं लहान मूल तिच्या आडवं आलं. तिनं मारलं नाही. नुसती मान हलवली. मूल नालीत पडलं आणि त्याचं कपाळ फुटलं. टाके पडले. मूल बरं झालं, लगेच पुन्हा गल्लीत धावू लागलं. पण वेल्डर माझ्याकडे आला. मी त्याला खुर्ची दिली आणि पाटावर बसलो. तो ओरडला नाही. त्यानं ओरडायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

"दादा," तो म्हणाला, "मैं गाय का दुश्मन नहीं. दूध हम भी लेता है. पर आज नाली था. कल ट्रक होगा."

विषय मोठा होता. तीन बैठका लागणार होत्या. मी सभापतींकडे गेलो आणि सांगितलं, तुमच्या गाईवर सभा घ्यावी लागेल. मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, "रेती नवी घाल. जुन्या रेतीत आवाज येते."

पहिली बैठक सकाळी झाली. त्या आठवड्यात सेकंड, म्हणजे बी शिफ्टला असलेले लोक आले. योगायोगानं त्यात विदर्भातले आणि इथल्याच खेड्यांतले, गाईगुरांत वाढलेले लोक जास्त. सभापती रजा काढून आले होते आणि मागे भिंतीला टेकून, कोट घालून, कुणाकडेही न बघता बसले होते. मी फडकं सोडून मडकं वर्तमानपत्रावर पालथं केलं. गिट्टीच गिट्टी. कोळसा शोधावा लागत होता.

मला इतकं बरं वाटलं की मी पुढचं सगळं विसरलो. खरं सांगायचं तर विसरलो नाही. मोठ्यानं म्हणालो, "ठरलं. गाय राहील."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सभापती उभे राहिले.

"काय ठरलं जी?"

"गाय राहील, काका."

"सी शिफ्ट झोपून हाय. ए शिफ्ट कामावर हाय. त्या वेल्डरची ए शिफ्ट. ज्याच्या पोराचं डोकं फुटलं तो कामावर, अन् गाय राहील म्हनून तुमी टाळ्या वाजवून राहिले?"

कुणीतरी मागून म्हणालं, "अरे सभापती, जीत गये तो बैठ जाओ ना!"

"मी जितलो नाही. बी शिफ्ट जितली." मग माझ्याकडे वळून, "सेक्रेटरी, गिट्टी-कोळसा परत मडक्यात टाक. फडकं बांध."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, काका, हे सोडा. लोक खूश आहेत, वेल्डरची मी समजूत काढतो. काकू स्वयंपाकघराच्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही, पण हात थांबला होता.

"माह्या बापाले गावानं वाळीत टाकलं होतं," सभापती म्हणाले. त्यांनी हे पूर्वी कधी सांगितलं नव्हतं, पुढेही कधी सांगितलं नाही. "बाजाराच्या दिवशी पंचायत बसली. आमच्या बाजूचे सगळे बाजारात. जे होते त्यायनं ठरवलं. अन् ठरलं. मी पाह्यलं हाय ठरते कसं." थोडं थांबून ते म्हणाले, "कवडी राहीन तं तिन्ही शिफ्टची राहीन. नाही तं चोरीची राहीन. चोरीची गाय मले नको."

काकूंचा हात पुन्हा तांदळातून फिरू लागला.

दुसरी बैठक ए शिफ्टची झाली आणि तिसरी सी शिफ्टची. त्या आठवड्यात झोप न मिळालेल्या माणसांना दुपारी खिडकीखाली गाईशी चालणारा संवाद आवडत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. वेल्डर आला, त्यानं मडक्यात हात घातला, काढला आणि निघून गेला. तिसऱ्या बैठकीनंतर मी मडकं शेवटचं पालथं केलं. पहिल्या बैठकीची गिट्टी त्यात होतीच, पण कोळसा तिच्याहून जास्त भरला.

"ठरलं," मी म्हणालो. मडक्याकडेच बघत, हळूच.

"मोठ्यानं," सभापती मागून म्हणाले. "मागच्याले ऐकू गेलं पाहिजे."

"ठरलं. गाय जाईल."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सभापतींनी मान हलवली. वर्गात कुणी नीट उत्तर दिलं की ते अशीच हलवत.

कवडीला जवळच्या उतई गावच्या एका खलाशानं, म्हणजे कारखान्यातल्या हरकाम्या मजुरानं, नेलं. तो सायकलनं ड्यूटीला येत असे, त्या दिवशी सायकल हातात धरून चालत आला. काकू गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या. रडल्या नाहीत. कोंडा कोमट पाण्यात कालवायचा, डाव्या बाजूनं दूध काढायचं, आभाळ गरजलं की जवळ जाऊन उभं राहायचं, हे सगळं त्यांनी त्याला आपल्या बोलीत सांगितलं. तो छत्तीसगढी. म्हणाला, "हव दाई, समझ गेंव." काकूंना भिलाईत आल्यापासून इतकं कुणी समजून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला चहाला जायचं होतं.

मी गेलो नाही तर चालेल का, याचा मी सकाळभर विचार केला. मी काहीच चूक केली नव्हती. तिन्ही बैठका घेतल्या, रेती नवी घातली, मडक्यात हात घातला नाही. आयुष्यात इतकं नियमानं मी दुसरं काही केलं नाही. चूक झाली असती तर माफी मागता आली असती. आज माझी पन्नाशी उलटली तरी त्या दिवसाबद्दल मागायला मला माफी सापडत नाही, आणि तेच मनाला लागून आहे.

कोळसा फडक्यात बांधून मी गेलो. सभापतींनी खुर्चीकडे बघितलं आणि मग पाटाकडे. मी पाटावर बसलो. ते खुर्चीवर बसले. हरलेला माणूस ते होते.

"काकू, चहा मिळेल का?" मी म्हणालो.

काकूंनी माझ्या हातातलं फडकं घेतलं, सोडलं, आणि कोळसा तसाच शेगडीत घातला. गल्लीच्या कोळशानं लगेच पेट घेतला. चांगला वाळलेला होता. आम्ही तिघंही शेगडीकडे बघत बसलो.

चहा आला. काळा. त्यात दूध नव्हतं, कारण दूध उतईला होतं.

मी पहिला घोट घेतला. सभापती माझ्या कपाकडे बघत होते. मला बोलायचं होतं, पण कप भरलेला होता. मी पीत राहिलो. जीभ पोळली, कडू लागला, तरी अर्धा टाकला नाही. कप रिकामा करून खाली ठेवला. आता बोलायला परवानगी होती.

बोलल्या काकू.

"एक इचारू का जी? तुमच्या त्या सभेत बायांची शिफ्ट कोन्ती असते?"

मी सभापतींकडे पाहिलं. वर्गात दर रविवारी टॉवेल डोक्यावर घेऊन ते बाई होत. कोंबड्याची तक्रार करत, नळाची करत, धुराची करत. ओट्यावर बाई कधी बसलेली मी पाहिली नव्हती, आणि हे माझ्याही लक्षात तोपर्यंत आलं नव्हतं. सभापतींनी तोंड उघडलं. त्यांच्याकडे नियम नव्हता. मग त्यांनी कोटाची वरची गुंडी काढली. कोट घातलेला असताना त्यांची गुंडी सुटलेली मी त्या एकदाच पाहिली.

"पुन्ना बैठक घेतो," ते शेवटी म्हणाले. "चौथी. बायांची. त्यात कवडीचं..."

"नका घेऊ," काकू म्हणाल्या. "कवडीचं झालं. पोराचं डोकं फुटलं न? मले इचारलं असतं तं मीबी कोळसाच टाकला असता. पन इचाराले पाह्यजे होतं."

पुढच्या रविवारी वर्गात बैठका चार झाल्या. सरदारजीनं विचारलं, चौथी कशासाठी. सभापती म्हणाले, "मी नापास झालो म्हनून." सरदारजी हसला. त्याला वाटलं, ते पुन्हा टॉवेल डोक्यावर घेतील. त्यांनी घेतला नाही.

पण हे नंतरचं. त्या दिवशी शेगडीतला कोळसा अजून लाल होता आणि भांड्यात चहा उरला होता. काकूंनी विचारलं, "आनखी घेता जी?"

दुसऱ्या कपाबद्दल वर्गात काही शिकवलं नव्हतं. मी सभापतींकडे पाहिलं. ते शेगडीकडे बघत होते.

मी कप पुढे केला आणि म्हणालो, "द्या."